पुण्याहून हिवाळ्यातल्या एका दिवसाच्या सहली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "रविवारी कुठंतरी जाऊन येऊ म्हणतोय, जवळपास काय आहे?" दरवर्षी तेच प्रश्न आणि माझी तीच उत्तरं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं. अट एकच: सकाळी पुण्यातून गाडीनं निघायचं आणि रात्रीचं जेवण घरी. मुक्काम नाही, दोर लावून चढणं नाही. अंतरं स्वारगेटपासूनची आहेत आणि ढोबळ आहेत, पाच-सात किलोमीटरवरून भांडू नये.

यासाठी हिवाळा नेमका कधी ते कधी धरायचा?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पण हे तीन महिने सारखे नसतात. नोव्हेंबरात डोंगरांवर अजून हिरवट झाक असते आणि ओढ्यांना पाणी असतं. डिसेंबर-जानेवारी हा थंडीचा आणि हुरड्याचा काळ. भिगवणच्या रोहितांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी मात्र जानेवारीचा शेवट उजाडू द्यावा. फेब्रुवारीचा पंधरवडा उलटला की दुपारचं ऊन बोचायला लागतं आणि किल्ल्यावर गेलेली मंडळी सावली शोधत फिरतात.

सकाळी किती वाजता निघावं?

सहाच्या आत. हे ऐकलं की निम्मे लोक फोन ठेवतात, पण हिवाळ्यातल्या दिवसाचा हिशेब बघा. नोव्हेंबरच्या शेवटी पुण्यात सूर्य सहाच्या आतबाहेर मावळतो. जानेवारीच्या मध्यात तो सातनंतर, जवळपास सात-दहाला उगवतो. (वर्षातला सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण सगळ्यात उशिराचा सूर्योदय त्या दिवशी नसतो, तो जानेवारीत येतो. त्यामुळे "आता दिवस मोठा होतोय" म्हणत जानेवारीत उशिरा उठणाऱ्यांची फसगत होते.) हातात जेमतेम अकरा तासांचा उजेड असतो. नऊला निघालात तर त्यातले दोन तास अंथरुणातच गेले, वर हडपसर किंवा चाकणच्या गर्दीत तासभर गेला. सहाला निघणारा माणूस त्याच गर्दीतून वीस मिनिटांत पार होतो.

आणि परत कधी फिरायचं?

दिवेलागणीच्या आत हमरस्त्याला लागायचं. याचं कारण थंडी नाही, ऊस आहे. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, तो प्रश्न वगळू नका.

किती लांबचं ठिकाण एका दिवसात झेपतं?

एका बाजूला शंभर किलोमीटर, फार तर एकशेवीस. त्यापुढे गेलं की सहलीतला जास्त वेळ गाडीतच जातो. ठिकाण एक, किंवा एकाच वाटेवरची दोन. लोक मला पाच नावांची यादी पाठवतात आणि विचारतात, "हे सगळं होईल ना?" होईल, पण रात्री विचारलं की काय बघितलं, तर सांगता येणार नाही. दिशा एक धरा: सोलापूर रस्ता, सासवड रस्ता, सातारा रस्ता, जुना मुंबई रस्ता, नाशिक रस्ता किंवा नगर रस्ता. एका रविवारी एकच रस्ता.

भिगवणला गेलो, पण रोहित दिसलेच नाहीत. असं का?

बहुतेक फार लवकर गेलात. वेळेनं नाही, महिन्यानं.

भिगवण सोलापूर रस्त्यावर शंभरेक किलोमीटरवर आहे. पक्षी असतात ते भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यात. पाऊसकाळ चांगला झाला की धरण काठोकाठ भरतं आणि डिसेंबरातही पाणी वरपर्यंत असतं. रोहित हा उथळ चिखलात चोच उलटी घालून गाळून खाणारा पक्षी. खोल पाणी त्याच्या कामाचं नाही. रब्बीसाठी पाणी सोडलं जातं, फुगवटा मागे सरकतो, काठची दलदल उघडी पडते आणि मग थवे उतरतात. म्हणून वर्तमानपत्रात उजनीची टक्केवारी बघत राहा. आकडा उतरायला लागला की तुमचा मोसम आला. साधारण जानेवारीअखेर ते मार्च हा काळ चांगला.

पण रोहित नाहीत म्हणून डिसेंबरात जाऊ नका असं मी म्हणणार नाही. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब तेव्हा असतात, चक्रवाकांच्या जोड्या असतात, चित्रबलाक, शेकाटे आणि नदी सुरय तर असतातच. मासा पंजात धरून उडणारा कैकर एकदा दिसला की रोहितांची आठवणही येत नाही. माझा स्वतःचा कल डिसेंबरच्या कुडकुडत्या सकाळीच जाण्याकडे आहे. फेब्रुवारीतल्या रविवारी पक्ष्यांपेक्षा मोठ्या भिंगाचे कॅमेरे जास्त असतात.

कुंभारगाव आणि डिकसळ ही दोन गावं जवळ आहेत. तिथले मासेमारी करणारे लोक होडीतून फिरवतात. पक्षी ओळखायला ते कुणा पुस्तकी माणसापेक्षा पटाईत असतात. भाव आधी ठरवून घ्या आणि सात-साडेसातला पाण्यावर असा. दहानंतर ऊन चढतं, पक्षी लांब सरकतात आणि पाण्यावरून उठणाऱ्या वाफेमुळे फोटोही येत नाहीत. होडीवाल्याला "अजून जवळ घे" म्हणू नका. थवा उठवून काढलेला फोटो दिसतो छान, पण त्या पक्ष्यांची पोटभरणी त्यात मोडते.

आणखी एक: अंगावर लाइफ जॅकेट चढवल्याशिवाय होडी सुटू देऊ नका. मे २०२४ मध्ये याच उजनीत कळाशी-कुगाव जलमार्गावर वादळात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. हिवाळ्यात पाणी शांत असतं हे खरं, पण खोली तीच असते.

परतीच्या वाटेवर चिलापी खायला विसरू नका. तिखट रश्शाबरोबर भाकरी, आणि शेजारी तळलेला तुकडा.

सोलापूर रस्त्यावर भिगवणच्या अलीकडे थांबण्यासारखं काही?

भुलेश्वर. यवतजवळून आत वळायचं, पुण्याहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. टेकडीवर यादवकाळातलं शिवमंदिर आहे, पण बाहेरून ते देऊळ वाटतच नाही, घुमट आणि मिनार दिसतात. आत गेल्यावर काळ्या दगडातलं कोरीवकाम अंगावर येतं. गणपतीचं स्त्रीरूप असलेली वैनायकीची मूर्ती इथे आहे, पुजाऱ्यांना विचारलं की दाखवतात. बऱ्याच मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत, ते बघवत नाही. मंदिराभोवती दौलतमंगळ किल्ल्याचे अवशेष आहेत. गाडी वरपर्यंत जाते. भिगवण सकाळी आणि भुलेश्वर परतताना दुपारी, असा दिवस छान बसतो.

आजी-आजोबांना घेऊन जायचंय. चढ-उतार नको, फार वेळ गाडीत बसणंही नको.

नसरापूरचं बनेश्वर. सातारा रस्त्यानं पस्तीसेक किलोमीटर, तासाभरात पोचता. १७४९ साली नानासाहेब पेशव्यांनी बांधवलेलं शिवमंदिर, पुढे पाण्याची कुंडं, मागे झाडी. सपाट जागा, बसायला सावली. डबा घेऊन जा, दोन तास बसा, परत या. यापलीकडे तिथे काही "करायला" नाही आणि आजी-आजोबांना तेच हवं असतं.

दुसरा पर्याय मोरगाव, ते जेजुरीच्या प्रश्नात येईलच.

जेजुरी-मोरगाव एका दिवसात होतं का? गर्दी किती असते?

आरामात होतं. दिवे घाटातून सासवड, तिथून जेजुरी, पुढे सतरा-अठरा किलोमीटरवर मोरगाव. पुण्यापासून मोरगाव पासष्ट-सत्तर किलोमीटर. दिवे घाट चढताना खाली मस्तानी तलाव दिसतो. घाटात गाडी बाजूला घेऊन फोटो काढायचा मोह आवरा, जागा नाही. सासवडला कऱ्हा आणि चांबळीच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात तिथल्या घाटावर अर्धा तास बसलं तर जेजुरीच्या पायऱ्यांसाठी ताकद येते.

गर्दीचं म्हणाल, तर दोन गोष्टी दिनदर्शिकेत बघून घ्या. सोमवती अमावास्या आणि चंपाषष्ठी. चंपाषष्ठी मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे ऐन थंडीत येते, आणि आधीचे पाच दिवस खंडोबाचं नवरात्र असतं. ज्यांना तो येळकोटच अनुभवायचा आहे त्यांनी जरूर जावं, भंडाऱ्यानं पिवळा झालेला गड बघण्यासारखाच असतो. पण "निवांत सहल" म्हणून त्या आठवड्यात गेलात तर गाडी गावाबाहेर लावून चालण्यात दिवस जाईल. आम्ही एकदा तिथी न बघता गेलो होतो. पायथ्याशी पोचायलाच दुपार झाली, वर चढलोच नाही, घरी येऊन चंपाषष्ठीचं वांग्याचं भरीत आणि रोडगे खाल्ले आणि दर्शन झालं असं समजलो.

जेजुरीला पांढरे किंवा नवे कपडे घालू नका, भंडाऱ्याची हळद सहजासहजी निघत नाही. सांडलेल्या भंडाऱ्यावरून दगडी पायऱ्या निसरड्या होतात, उतरताना जपून. ज्यांचे गुडघे बरे आहेत आणि ज्यांना शांतता हवी आहे त्यांनी मुख्य गडामागचा कडेपठार चढावा, खंडोबाचं जुनं ठाणं तेच.

मोरगावला चढ नाही. मयूरेश्वराचं देऊळ गावातच, कऱ्हेकाठी, चार कोपऱ्यांना मिनारांसारखे मनोरे. गणपतीसमोर नंदी बसलेला इथेच बघायला मिळतो. फक्त संकष्टी आणि त्यातही अंगारकी टाळा.

लेणी बघायची आहेत. कार्ला, भाजे की बेडसे?

सूर्य कुठे असतो त्यावरून ठरवा.

बेडसे पूर्वाभिमुख आहे. सकाळी साडेसात-आठला वर पोचलात तर ऊन थेट चैत्यगृहाच्या ओसरीत शिरतं आणि त्या उंच खांबांच्या माथ्यावरचे घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेल्या जोड्या एकदम उजळून निघतात. अर्ध्या-पाऊण तासानं हा खेळ संपतो. दहाला गेलेल्या माणसाला बेडसे "चांगलं आहे" एवढंच वाटतं. कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला लागायचं, पुण्याहून पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. चारेकशे पायऱ्या आहेत, पण चढ सोपा. गर्दी जवळपास नसतेच.

भाजे आणि कार्ला दोन्ही पश्चिमेकडे तोंड करून आहेत. तिथे दुपारी तीननंतर जावं. भाज्यात बावीस लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. ओळीनं मांडलेले चौदा स्तूप आहेत, आणि टोकाच्या विहारात रथातला सूर्य आहे, तो न बघता परत येऊ नका, बरेच लोक चैत्य बघून माघारी फिरतात. कार्ल्याचा चैत्य देशातला सगळ्यात मोठा कोरीव चैत्य, आणि छताच्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या. पण दारातच एकवीरा आईचं देऊळ आहे आणि सुट्टीच्या दिवशी आगरी-कोळी भाविकांची मोठी रांग असते. कार्ला बघायचं तर मधल्या वारी जा.

तेव्हा माझा दिवस असा: सकाळी बेडसे, कामशेतला मिसळ, दुपारी भाजे, सूर्यास्ताच्या आधी खाली. लोणावळ्यात शिरायचंच नाही. चिक्कीसाठी तासभर गर्दीत अडकण्याइतकी ती कुठेच दुर्मीळ राहिलेली नाही. ज्यांच्याकडे दुचाकी आहे त्यांना आठवण: द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, जुन्याच रस्त्यानं जा. चारचाकीवाल्यांनीही कामशेतसाठी जुनाच रस्ता धरावा.

वाईला काय आहे? लोक तर पाचगणीला जाताना नुसते पुढे निघून जातात.

म्हणूनच वाईला जावं.

नव्वद किलोमीटर, खंबाटकी घाट ओलांडून. कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपती आहे. १७६२ साली रास्त्यांनी बांधवलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, म्हणजे पुराचं पाणी तिच्यावर फुटून दोन्ही अंगांनी निघून जावं. हे कळल्यावर देवळाच्या मागे जाऊन बघितलं पाहिजे, पुढून नुसती मूर्ती बघून कळत नाही. मराठी विश्वकोशाचं काम ज्या गावातून चाललं ते हेच गाव.

वाईपासून तीन-चार किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागे नदीवर चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. घाटावरच्या छोट्या देवळात एक भली मोठी घंटा टांगली आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. पेशवाईतल्या मुत्सद्द्याच्या घाटावर पोर्तुगीज घंटा! मुलांना इतिहास सांगायला यापेक्षा सोपी जागा नाही. वाड्याचं लाकूडकाम आणि भिंतींवरची चित्रं बघायची तर आत कुणी आहे का ते विचारा.

पुढे धोम. धरणाच्या अलीकडे गावात नृसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ आहे. तिथे कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसलाय. कुंडात पाणी असेल तर कासव पोहतंय असं वाटतं.

या दिवसाला एकच पथ्य. पौष पौर्णिमेच्या आसपास मांढरदेवीच्या काळूबाईची जत्रा असते, साधारण जानेवारीत. २००५ मध्ये याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन तीनशेच्या आसपास माणसं गेली होती. आता बंदोबस्त कडक असतो, पण वाई-मांढरदेव-भोर पट्ट्यातले रस्ते त्या दोन-तीन दिवसांत भरलेले असतात.

त्यापेक्षा महाबळेश्वरच करून येऊ ना एका दिवसात?

करता येतं, करू नका. एकशेवीस किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, मध्ये खंबाटकी आणि पसरणी हे दोन घाट, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही घाटांत गाड्यांच्या रांगा. पोचल्यावर पॉइंटवर गाडी लावायला जागा नाही. स्ट्रॉबेरीच हवी असेल तर भिलारपर्यंत जा, डिसेंबर ते मार्च हंगाम असतो. शेतावर जाऊन घ्या, पेटीत वरच्या थराला लाल आणि खाली पांढुरकी नाहीत ना ते बघून घ्या. भिलार २०१७ पासून "पुस्तकांचं गाव" आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, कुठेही बसून वाचा. तिथे दुपार घालवून परत फिरा. महाबळेश्वर मुक्कामाचं ठिकाण आहे.

हुरडा खायला कधी आणि कुठे जावं?

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, थंडी टिकली तर फेब्रुवारीचा पहिला आठवडा. ज्वारीचा दाणा दुधाळ असतो तेवढेच दिवस. आगटीत कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, गरम गरम तोंडात. बरोबर शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, दही, गूळ. सुरती आणि गूळभेंडी ही हुरड्याची नावाजलेली वाणं.

सोलापूर, नगर आणि सासवड या तिन्ही रस्त्यांना हुरडा पार्ट्यांच्या पाट्या दिसतील. निवडताना एकच कसोटी: हुरडा समोर भाजून देतात की परातीत घालून आणतात? परातीतला असेल तर तो कधीचा कुणास ठाऊक. ज्या पाटीवर हुरड्यापेक्षा झिपलाइन आणि डीजे मोठ्या अक्षरांत लिहिलंय ती सोडून पुढे जा. आणि ओळखीत कुणाचं ज्वारीचं शेत असेल तर सगळ्या पाट्या विसरा, त्यांनाच फोन करा. फार खाऊ नका. कोवळे दाणे जिभेला हलके लागतात, पोटाला जड असतात, आणि वर ताक-पाणी ढोसलं की परतीचा प्रवास अवघड होतो.

किल्ला बघायचाय, पण ट्रेक नको.

पुरंदर. नारायणपूरवरून गाडी बरीच वर जाते. संभाजी महाराजांचा जन्म इथला, १६५७ चा, आणि मिर्झाराजे जयसिंगांबरोबरचा १६६५ चा तह याच किल्ल्याच्या नावानं ओळखला जातो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून प्रत्येकाचं ओळखपत्र हवं, फोटोवर निर्बंध आहेत आणि संध्याकाळी लवकर खाली उतरावं लागतं. चारला पोचून "आता सोडा ना" म्हणण्यात अर्थ नाही. माचीवर फिरणं सगळ्यांना जमतं. वर केदारेश्वरापर्यंत मात्र चढ आहे.

दूरचं दिसावं म्हणून जाणार असाल तर दहानंतर वर पोचा. थंडीत सकाळी दऱ्यांत धुरकं कोंडून बसतं आणि पलीकडचा डोंगरही दिसत नाही. ऊन तापलं की ते विरायला लागतं. माझा नियम असा आहे: पाखरं पहाटे, किल्ला दहानंतर, लेणी सूर्य बघून.

जुन्नर एका दिवसात कितपत जमतं?

शिवनेरी किंवा नाणेघाट, दोन्हीपैकी एक आणि जोडीला लेण्याद्री. शिवनेरी पंचाण्णव किलोमीटर, पायऱ्या बांधलेल्या, सात दरवाजे. १९ फेब्रुवारीच्या आसपास गर्दी असणारच. नाणेघाटाला गाडी घाटमाथ्यापर्यंत जाते. तिथल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, आणि त्यातले आकडे हे भारतातल्या सगळ्यात जुन्या लिखित अंकांपैकी आहेत. बाहेर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. दोन हजार वर्षांपूर्वीचा टोलनाका समजा.

नाशिक रस्त्यानं जाणार म्हणजे चाकण सहाच्या आत ओलांडा. आणि हा बिबट्यांचा प्रदेश आहे. उसाच्या शेताजवळ अंधार पडल्यावर लघवीला म्हणून गाडीतून उतरू नका, लहान मुलांना तर अजिबात एकटं सोडू नका.

शाळकरी मुलं असतील तर २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन लक्षात ठेवा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्या सुमारास लोकांना ती आतून बघता येते. हिवाळा तेव्हा संपत आलेला असतो, पण टोपी घालून जा.

मुलांना वन्यप्राणी दाखवायचेत, पण ताडोबाइतकं लांब नको.

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, बारामती तालुक्यात, सत्तरेक किलोमीटरवर. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा हमखास दिसतो. हिवाळ्यात गवत सोनेरी होतं आणि चिंकाराही त्याच रंगाचा, त्यामुळे मुलांना शोधायला मजा येते. आकाशात भोवत्या असतात, गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारे ससाण्याएवढे पाहुणे. कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे वनखात्याची गवताळ प्रदेशाची सफारी आहे, तिची नोंदणी ऑनलाइन करून जा. लांडगा दिसला तर नशीब. "माळरान म्हणजे ओसाड जागा" हा समज एका सकाळीत जातो.

निघोजचे रांजणखळगे हिवाळ्यात बघण्यासारखे असतात का?

हिवाळ्यातच. शिरूरवरून पुढे, पंच्याऐंशी-नव्वद किलोमीटर. कुकडी नदीच्या पात्रातला बेसॉल्ट, गोटे गरगर फिरून पोखरला गेलाय. पावसाळ्यात पाणी वर असतं, काही दिसत नाही. खळग्यांच्या कडा घोटीव आहेत आणि आत पाणी किती खोल ते कळत नाही, त्यामुळे काठावर वाकून फोटो नको. कुकडीला आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणाचं पाणी सुटलं असेल तर पाणी वाढलेलं असतं, गावात विचारूनच पात्रात उतरा. वाटेत रांजणगावचा गणपती होतो.

उसाचा विषय राहिला.

साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. म्हणजे नेमका आपल्या सहलींचा काळ. दौंड, बारामती, इंदापूर, शिरूर, जुन्नर या सगळ्या पट्ट्यात रस्त्यावर ऊसवाहतूक असते: बैलगाड्या, ट्रक आणि मुख्य म्हणजे एका ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीला कित्येकदा दिवा नसतो, असला तरी लोंबणाऱ्या उसामागे झाकलेला. समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतात डोळे दिपले की पुढची काळी ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. पंक्चर झालेली ट्रॉली तर रस्त्यातच दगड लावून उभी असते. म्हणून म्हणतो, आतल्या रस्त्यांवर अंधार पडू देऊ नका. पडलाच तर वेग साठच्या खाली आणि ओव्हरटेकची घाई नाही. ट्रॉलीमागून ऊस ओढायची हौस मुलांना असते, तीही नको. गावात गुऱ्हाळ दिसलं तर तिथे थांबा, गरम काकवी मिळते.

सातारा रस्त्यानं परतताना आणखी एक जागा सांभाळायची: नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. इथले अपघात पुणेकरांना सांगायला नकोत. गाडी गिअरमध्ये ठेवा, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवू नका, आणि मोठ्या ट्रकच्या पुढे-मागे चिकटून राहू नका.

सकाळी धुकं असेल तर?

उजनीकाठी, नीरेच्या खोऱ्यात, ओढ्यांवरच्या पुलांपाशी साडेसात-आठपर्यंत असतंच. दिवे खालच्या झोतावर ठेवा, वरच्या झोतानं समोर पांढरी भिंत उभी राहते. चारही इंडिकेटर लावून चालवू नका, मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय ते कळत नाही. फारच दाट असेल तर टपरीवर चहा घ्या.

कोणते दिवस सरळ टाळावेत?

जेजुरी, मांढरदेवीचं वर आलंच. याशिवाय १ जानेवारीला नगर रस्ता. पेरणे फाट्याजवळच्या जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात आणि वाहतूक वळवलेली असते. तिकडे जायचं असेल तर त्यासाठीच जा, निघोज-रांजणगाव दुसऱ्या दिवशी. नाताळ ते ३१ डिसेंबर लोणावळा आणि खंबाटकी नको. माघी गणेश जयंतीला अष्टविनायकातलं कुठलंच ठिकाण निवांत नसतं.

कपडे काय घ्यावेत?

पहाटे दहा अंश आणि दुपारी तीस, असा आपला हिवाळा. एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला. होडीत कानटोपी लागते, दुपारी तीच टोपी नकोशी होते. लेण्यांना आणि किल्ल्यांवर जाताना अत्तर-डिओ लावू नका आणि खाली शेकोटी करू नका. कड्यांना आग्या मोहोळं असतात, आणि शिवनेरी-लेण्याद्री भागात पर्यटकांवर माश्यांनी हल्ले केलेले आहेत.

कास, धबधबे, काजवे यांतलं काही?

कासची फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. काजवे मे-जूनमध्ये. धबधबे आटलेले. पुढचा प्रश्न.

रविवारी उठायलाच नऊ वाजले. आता?

मग लांबचा नाद सोडा. पुढच्या रविवारी पहाटे लोणी काळभोरजवळच्या कवडीला जा, हडपसरच्या पुढे, वीसेक किलोमीटर. मुळा-मुठेवरचा जुना बंधारा, काठावर चक्रवाक, बदकं, शेकाटे. पाण्याला वास येतो आणि झुडपांना पुण्याचं प्लास्टिक लटकलेलं असतं, हे आधीच सांगतो. तरी पक्षी येतात. साडेनऊपर्यंत घरी परत येता, आणि पोह्यांना उशीर होत नाही.